अळीची जबानी आणि नीरा-भीमेचा मुलूख

कुजलेल्या प्रेताच्या पंचनाम्यात काही शब्द ठरलेले असतात. प्रेत फुगलेले, कातडी सुटलेली, दुर्गंधी येत असलेली, नाकातोंडात अळ्या पडलेल्या. बारामतीला काय किंवा इंदापूरला काय, पुढचा क्रमही ठरलेला. अकस्मात मयत म्हणून नोंद होते, प्रेत शवविच्छेदनाला जाते, डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात, बाटल्यांवर मोहर लागते आणि त्या सी.ए. म्हणजे रासायनिक पृथक्करणाच्या रिपोर्टसाठी रवाना होतात. अळ्या मात्र बहुतेक वेळा टेबल धुताना पाण्याबरोबर मोरीत जातात. ही रीत आजची नाही. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यू झाला की गावातले दोन-चार समजदार लोक जमवून मृत्यूच्या कारणाची चौकशी करायची आणि ती लिहून पाठवायची, ही जबाबदारी पोलीस पाटलावर टाकली. तेव्हापासून दीडशे वर्षे अळी आपल्या कागदांवर हजर आहे. ती पाहिली जाते, लिहिली जाते आणि पंचांच्या सह्यांखाली मिटून जाते. ती कोणत्या माशीची, किती वाढलेली, प्रेताच्या कोणत्या भागावर होती, हे विचारण्याची पद्धत पडली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही उणीव उपकरणांची नसून ओळखीची आहे. आणि ही ओळख मुंबईत किंवा परदेशात बसून पुरी होण्यासारखी नाही, कारण माशी किती वेगाने वाढते हे ती ज्या मुलखात वाढते त्या मुलखाच्या उन्हापाण्यावर ठरते. नीरा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्याचे ऊनपाणी गेल्या दीडशे वर्षांत माणसाने इतके बदलले आहे की इथल्या अळीची साक्ष घ्यायची, तर इथला इतिहास आधी वाचावा लागतो.

ही ओळख या मुलखात कधीच नव्हती असेही नाही. मेलेल्या जनावराशी ज्यांचा रोजचा संबंध होता त्यांना ती होती. गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि त्या बदल्यात हाडकी-हाडवळ्याची वतनी जमीन त्यांच्याकडे असे. बैल कधी मेला, कातडे काढण्याजोगे राहिले आहे की सुटू लागले आहे, हे त्यांना नजरेनेच कळावे लागे, कारण कातड्याची किंमत त्यावर ठरे. कोणत्या दिवशी अंडी, कोणत्या दिवशी अळ्या, कातडे कधी किडे पोखरू लागतात, हे त्या कामाचे रोजचे ज्ञान होते. गावात बेवारस प्रेत सापडले तर राखणीला आणि तालुक्याला वर्दी द्यायला बहुधा हाच माणूस धावे. चौकशीच्या कागदावर सही मात्र प्रतिष्ठितांची. ज्याला पाहून सांगता येत होते त्याचे म्हणणे लिहून घेण्याची गावाच्या उतरंडीत सोयच नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या बलुतेदारीचे हे कौतुक चालले आहे काय? तसे नाही. ते ज्ञान कोणी हौसेने मिळवले नव्हते, सक्तीतून आले होते. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, १९५६ च्या धर्मांतरानंतर ढोर ओढणे गावोगाव थांबले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनेच रद्द झाली. हे सारे झाले ते योग्यच झाले. मात्र त्या कामाबरोबर त्यातले निरीक्षणही गेले आणि ते घेणारी दुसरी संस्था उभी राहिली नाही, हीसुद्धा इतिहासातली नोंद आहे. जे ज्ञान जातीच्या सक्तीतून सुटले, ते प्रयोगशाळेच्या टेबलावर यायला हवे होते. ते आले नाही.

दुसरी ओळख धनगरांची. बारामती-इंदापूरचा माळ मेंढरांचा. पावसाळ्यात मेंढीच्या शेपटीखालची लोकर भिजून घाण होते, काट्याने किंवा कात्रीने जखम होते आणि तिच्यात किडे पडतात. मग सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरणे हा जुना घरगुती इलाज. या जखमांमागे ज्या माशा असतात, त्यांतली एक न्यायवैद्यकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: क्रायसोमिया बेझियाना. तिची अळी मेलेल्या मांसावर वाढत नाही, तिला जिवंत प्राण्याचेच मांस लागते. तिची सख्खी बहीण क्रायसोमिया मेगासेफाला मात्र प्रेतावर पहिल्या काही तासांत येणाऱ्यांपैकी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अळ्या पांढुरक्या, निमुळत्या, सारख्याच. आता एखादा अंथरुणाला खिळलेला म्हातारा मरण पावला आणि त्याच्या पाठीवरच्या जखमेत अळ्या सापडल्या असे समजा. त्या बेझियानाच्या असतील तर त्या मरणाआधीपासूनच्या आहेत. म्हणजे हा प्रश्न मृत्यूच्या वेळेपेक्षा देखभालीतल्या हयगयीचा ठरतो. त्याच अळ्यांना प्रेतावरच्या समजून वय मोजले, तर जिवंत माणसाला कागदोपत्री चार दिवस आधीच मारल्यासारखे होईल. 'अळ्या पडलेल्या' या दोन शब्दांत ही दोन्ही प्रकरणे एकसारखीच लिहिली जातात.

मग पुस्तकी विज्ञानाने हे का उचलले नाही? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत आहे. तेव्हाच्या सरकारला सतावणारा प्रश्न विषप्रयोगाचा होता. सोमल, धोतरा, अफू. त्यामुळे न्यायवैद्यकाची इमारत रसायनशास्त्राच्या पायावर उभी राहिली. मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार आयझिडोर लायन यांचे हिंदुस्थानसाठी लिहिलेले न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तक १८८९ मध्ये निघाले. जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक १९२० मध्ये आले आणि आजही त्याच्या सुधारित आवृत्त्या वकिलांच्या कपाटात असतात. व्हिसेरा कसा भरायचा, कोणत्या बाटलीत, किती मिठाच्या पाण्यात, याची शिस्त या परंपरेने घालून दिली आणि ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत झिरपली. किड्यांच्या वाट्याला काही ओळी आल्या. भारतीय पाठ्यपुस्तकांत आजही साधारण असे वाचायला मिळते की उन्हाळ्यात अंड्यातून आठ ते चोवीस तासांत अळी निघते, चार-पाच दिवसांत कोष होतो आणि आणखी चार-पाच दिवसांत माशी बाहेर पडते. अंदाज म्हणून हे चुकीचे नाही. पण कोणती माशी, कोणते गाव, कोणता महिना, यांतले काहीच त्यात नाही. चेरापुंजीला आणि इंदापूरला तेच आकडे लागू पडतात असे धरून चालण्याची सवय त्यातून लागली.

स्थान बदलले की माशीही बदलते, याचे ठळक उदाहरण ज्या खटल्याने कीटकांची साक्ष जगभर गाजली त्यातच आहे, आणि त्या खटल्यातला आरोपी मुंबईचा होता. बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम हा पारशी डॉक्टर मुंबई विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन इंग्लंडला गेला, बक रक्स्टन असे नाव घेतले आणि लँकास्टरला दवाखाना थाटला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याने आपल्याबरोबर राहणारी इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन यांचा खून केला, तुकडे केले आणि स्कॉटलंडात मॉफॅट गावाजवळच्या ओढ्यात टाकले. २९ सप्टेंबरला ते सापडले. त्यांवरच्या अळ्या ग्लासगोच्या अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. त्यांनी ओळखल्या कॅलिफोरा व्हिसिना या निळ्या माशीच्या, आणि वय सांगितले १२ ते १४ दिवस. दोन्ही स्त्रिया दिसेनाशा झालेल्या तारखेशी ते जुळत होते. मे १९३६ मध्ये रक्स्टनला फाशी झाली. फाशीमागे पुरावा पुष्कळ होता. अळ्या हा त्यातला एक धागा. पण एरवी साक्षीदारांच्या भांडणात अडकणारी तारीख निसर्गातून स्वतंत्रपणे मिळू शकते, हे त्या धाग्याने दाखवले. गंमत अशी की ती माशी थंडीची. भारतात ती मुख्यतः हिमालयाच्या अंगाला आढळते. भिगवणला उजनी धरणाच्या काठावर किंवा सणसरच्या उसात तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. पॅरिसच्या मेन्याँ यांनी १८९४ मध्ये प्रेतावर कीटकांच्या आठ लाटा क्रमाने येतात असे मांडले. त्यातले तत्त्व टिकले, पण त्या लाटांतले किडे आणि त्यांना लागणारा काळ पॅरिसचा होता.

आपल्याकडच्या माशा वेगळ्या, आणि त्यांची पहिली नीट यादीही खुनांच्या तपासासाठी झालेली नाही. सीनियर-व्हाइट, ऑबर्टिन आणि स्मार्ट यांनी १९४० मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत या माशांच्या कुळावर खंड लिहिला. सीनियर-व्हाइट हे पेशाने रेल्वेच्या हिवताप खात्यातले. दख्खनच्या पठारावर प्रेताकडे आधी झेपावणाऱ्यांत क्रायसोमिया मेगासेफाला येते: हिरवट-निळ्या धातूसारखी चमक, मोठे लाल डोळे, मासळी बाजार आणि उघडे संडास ही नेहमीची जागा. तिच्यामागून क्रायसोमिया रुफिफेसिस, जिची अळी अंगभर मांसल काटे असलेली आणि भूक लागली तर दुसऱ्या जातीच्या अळ्याही फस्त करणारी. ल्युसिलिया क्युप्रिना तांबूस-हिरवी. सार्कोफॅगा राखाडी, पाठीवर काळे पट्टे, पोटावर पटासारखे चौकोन. ही अंडी न घालता जिवंत अळ्याच टाकते, त्यामुळे अंडे फुटण्याचे तास तिच्या हिशेबातून वजा करावे लागतात. शेवटी, मांस सुकल्यावर, कातडे खाणारा डर्मेस्टिस भुंगेरा आणि लाल पायांचा नेक्रोबिया. वाळल्या मासळीच्या व्यापाऱ्याला हे दोघे चांगलेच ओळखीचे असतात, नावे ठाऊक नसली तरी.

ओळख नेमकी कुठे पटते? अळीच्या मागच्या टोकाला. अळी उलटी करून भिंगाखाली धरली की बोथट बाजूला डोळ्यांसारखे दोन तपकिरी ठिपके दिसतात. त्या तिच्या श्वासाच्या चकत्या. चकतीत दोन फटी असतील तर अळी दुसऱ्या अवस्थेतली, तीन असतील तर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या. चकतीभोवतीचे काळे कडे एका बाजूला उघडे असेल तर क्रायसोमियाकडे झुकायचे. पूर्ण बंद असेल तर ल्युसिलियाकडे. आणि चकत्या खोल खळग्यात दडलेल्या असतील तर सार्कोफॅगा. मग लांबी मोजायची. त्यासाठी अळी आधी जवळजवळ उकळत्या पाण्यात क्षणभर टाकून ताणलेल्या स्थितीत मारावी लागते आणि नंतर ८० टक्के अल्कोहोलात ठेवावी लागते. जिवंत अळी थेट अल्कोहोलात टाकली तर ती आक्रसते, काळी पडते आणि एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने वय चुकते. काही अळ्या मात्र जिवंतच न्यायच्या, लिव्हरच्या तुकड्यावर वाढवायच्या आणि माशी बाहेर आल्यावर जात पक्की करायची. या सगळ्याला लागते ते एक भिंग, काचपट्ट्या, थर्मामीटर आणि असे काही हजार नमुने हाताखालून गेलेला माणूस. पहिल्या तीन वस्तू कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात आहेत.

आता मुलखाकडे. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात इथली जनावरे मोठ्या प्रमाणावर मेली. त्या दुष्काळाच्या पाठीवर नीरा डावा कालवा निघाला आणि १८८५ मध्ये सुरू झाला. पुरंदर ओलांडून बारामती, इंदापूरपर्यंत शंभर-एक मैल तो आला आणि बाजरी-ज्वारीच्या माळात उसाची हिरवी पट्टी उमटली. १९३० च्या दशकात वालचंदनगर वसले, १९५० च्या दशकापासून माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर अशी सहकारी कारखानदारी उभी राहिली. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी भिगवण-पळसदेवच्या अंगाला पसरले. परिणाम असा की आज एकाच तालुक्यात दोन हवामाने शेजारीशेजारी नांदतात. एका बाजूला मुरमाड उघडा माळ, मे महिन्यात तापून निघणारा, जिथे कातडी चामड्यासारखी वाळते आणि अळ्या आतल्या ओलाव्यात दडतात. दुसऱ्या बाजूला पाणी दिलेला, माणूसभर उंचीचा, दाट उसाचा फड, जिथे ऊन जमिनीला पोचत नाही, ओल टिकते आणि वारा नसतो. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे सापडलेल्या दोन प्रेतांवर तीच माशी एकाच दिवशी बसली तरी तिच्या अळ्या सारख्या वयात सारख्या वाढलेल्या असणार नाहीत.

हा फरक किती पडतो ते साध्या हिशेबाने पाहता येते. अळीची वाढ तापमानावर चालते आणि ठरावीक तापमानाखाली ती जवळजवळ थांबते. उदाहरणापुरते ते १० अंश धरू. एखाद्या अवस्थेपर्यंत पोचायला २४०० अंश-तास लागतात असे समजा. सरासरी तापमान ३० अंश असेल तर दिवसाला २० गुणिले २४ म्हणजे ४८० अंश-तास जमा होतात आणि पाच दिवसांत हिशेब पुरा होतो. सरासरी २२ असेल तर दिवसाला २८८ आणि लागतात आठ दिवसांहून थोडे जास्त. इंदापुरात मे आणि डिसेंबर यांच्यात एवढा फरक सहज असतो. तीन दिवसांच्या या तफावतीत कोण गावात होते आणि कोण उसतोडीच्या टोळीबरोबर पुढच्या तालुक्यात गेले होते, हे सगळे उलटेपालटे होऊ शकते. त्यात अळ्यांचा गोळा मोठा असेल तर तो स्वतःच उष्णता निर्माण करतो. म्हणून थर्मामीटर हवेत, जमिनीवर आणि अळ्यांच्या गोळ्यातही लावावा लागतो.

उसाने आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे पुराव्याचे स्वरूप. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो आणि शेवटचे कित्येक महिने त्यात कोणी आतपर्यंत शिरत नाही. तोडणी सुरू झाली की कोयता लावणाऱ्यांना सांगाडा दिसतो. तोवर माश्यांच्या किती पिढ्या येऊन गेलेल्या असतात. अशा ठिकाणी अळ्या शोधण्यात अर्थ नसतो. शोधायची ती कोषांची रिकामी टरफले. अळी पोट भरले की प्रेतापासून दूर सरकते, मातीत काही सेंटिमीटर शिरते आणि तिथे कोष करते. तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढे ते टरफल मातीत वर्षानुवर्षे टिकू शकते. पण सांगाडा उचलून गाडीत घातला, दुसऱ्या दिवशी पाचटाची कुट्टी करणारा ट्रॅक्टर फिरला की हा पुरावा मातीत मिसळून जातो. उजनीच्या आणि कालव्याच्या पाण्यात सापडलेल्या प्रेताचा हिशेब आणखी निराळा. पाण्याखाली माशी पोचत नाही. प्रेत फुगून वर आल्यावरच अंडी पडतात, म्हणून अळीचे वय वर आल्यापासूनचे, मृत्यूपासूनचे नव्हे.

माशांची संख्या आणि सरमिसळही इथे स्थिर राहिलेली नाही. संकरित गाई, दूधधंदा आणि कुक्कुटपालन यांनी गेल्या पन्नास वर्षांत या पट्ट्यात शेण, कोंबडखत आणि मेलेल्या पक्ष्यांचा पुरवठा बारमाही केला. उजनीच्या मासेमारीने भिगवणला मासळीचा बाजार आणला, म्हणजे मेगासेफालाला कायमचे घर मिळाले. आणि १९९० नंतर गिधाडे नाहीशी झाली. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले, पण तोवर भारतातल्या मुख्य जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली होती. गिधाडांचा थवा एका बैलाचा काही तासांत सांगाडा करी. आता तोच बैल ओढ्याकाठी कुत्र्यांच्या आणि माश्यांच्या वाट्याला अनेक दिवस राहतो. म्हणजे १८८५ च्या गॅझेटियरमधले पुणे जिल्ह्याचे माळ आणि आजचे माळ यांत माशीला मिळणारे अन्नच वेगळे आहे. जुन्या पुस्तकातला आकडा घेऊन आजच्या प्रेतावर लावणे म्हणून दुहेरी चुकीचे: ठिकाण वेगळे, काळही वेगळा.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या बारकाव्याचा आग्रह म्हणजे प्रत्येक गावाला स्वतंत्र शास्त्र मागण्यासारखे आहे. आणि परिसर असाच बदलत राहणार असेल तर आज केलेले तक्तेही उद्या जुने होतील. पहिल्या मुद्द्याला उत्तर असे की गावोगाव शास्त्र नको, पण हवामानाच्या पट्ट्यागणिक तक्ता हवा. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी सशांच्या मृत शरीरांवर ऋतूंनुसार कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तो पंजाबचा आहे आणि पंजाबपुरता उपयोगी आहे. नीरा-भीमेच्या पट्ट्यासाठी तसाच अभ्यास झाला तर तो करमाळा, माळशिरस, फलटण, दौंड या शेजारच्या तालुक्यांनाही पुरेल. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर असे की तक्ता जुना होतो म्हणूनच तो वर्षानुवर्षे भरत राहणारी माणसे जवळ हवीत. एकदा येऊन नमुने गोळा करून गेलेला संशोधक हे करू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक. डीएनए बारकोडिंग आल्यावर फटी आणि चकत्या मोजत कोण बसणार? अळीचा तुकडा पाठवला की जात कळते. २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी मांडलेल्या या पद्धतीचे नाव असलेले केंद्र आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे, तेव्हा सोय दूरची नाही. पण बारकोड ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्या संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याला आधी कोणीतरी डोळ्यांनी ओळखून नाव दिलेले असते. ते नाव चुकले तर यंत्र तीच चूक खात्रीने सांगत राहते. शिवाय क्रायसोमियाच्या काही जवळच्या जातींत बारकोडसाठी वापरला जाणारा डीएनएचा एकच तुकडा नेहमी पुरेसा वेगळा नसतो. आणि मुख्य म्हणजे जात कळली तरी वय कळत नाही. वयासाठी लांबी, अवस्था आणि तिथले तापमान लागते आणि ते घटनास्थळीच घ्यावे लागते. बारकोड हा ओळखीचा आधार आहे, तिची जागा घेणारा नव्हे.

तिसरा आक्षेप पोलीस ठाण्यातून येतो आणि तो सर्वांत व्यवहारी आहे. मोबाइलचे टॉवर लोकेशन, टोलनाक्यावरचा कॅमेरा, बँकेचे व्यवहार, एवढे हाताशी असताना माश्या कशाला? बहुतेक प्रकरणांत हे खरे आहे आणि कीटकांचा पुरावा सर्वत्र घुसडण्याची गरज नाही. पण ज्या प्रकरणात मोबाइल सापडत नाही, ओळखही पटत नाही, तिथे शेवटचा जिवंत असल्याचा दिवस कोणता हेच ठाऊक नसते. टॉवरची नोंद कोणत्या आठवड्याची मागवायची हे ठरवायलाही आधी काळाचा अंदाज हवा. बेवारस प्रेतांच्या नोंदींत हीच अडचण वारंवार येते. त्याच वेळी या पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट मांडायला हव्यात. अळी मृत्यूची वेळ सांगत नाही. माशीने अंडी केव्हा घातली तेवढेच सांगते. म्हणजे मृत्यूनंतरचा किमान काळ. प्रेत गोधडीत गुंडाळलेले असेल, बंद खोलीत असेल, पेटवलेले असेल, शरीरात कीटकनाशक असेल, तर तो हिशेब बदलतो. रात्री माश्या अंडी घालत नाहीत असे पूर्वी बेधडक सांगत. पंजाबातल्याच प्रयोगांनी तेही सरसकट खरे नसल्याचे दाखवले. जो तज्ज्ञ न्यायालयात तास-मिनिटे सांगू लागेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जो कक्षा सांगेल आणि ती कशी काढली ते दाखवेल, त्याचे ऐकावे.

न्यायालय त्याचे ऐकेल का? १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये विज्ञानातल्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्येही ते आहे. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक त्यात बसतो. अडथळा निराळा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ ने ज्या सरकारी तज्ज्ञांचा अहवाल प्रत्यक्ष साक्षीशिवाय वाचता येतो त्यांची यादी दिली होती. त्यात रासायनिक परीक्षक होते, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते, कीटकतज्ज्ञ नव्हता. त्यामुळे व्हिसेऱ्याचा कागद टपालाने येऊन पुरावा होतो आणि अळीचा कागद लिहिणाऱ्याला स्वतः पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी द्यावी लागते. हा फरक विज्ञानाच्या प्रतवारीतून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या विषाच्या धास्तीतून आलेल्या व्यवस्थेचे ते शेपूट आहे. नव्या संहितेच्या कलम ३२९ मध्ये राज्य सरकारला अधिसूचनेने इतर वैज्ञानिक तज्ज्ञ ठरवण्याची मुभा आहे. शिवाय कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. अळ्या योग्य रीतीने उचलण्याची वेळ तीच.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, इंदापुरात विज्ञान महाविद्यालय आहे, आणि २०१९ पासून बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, जिथे न्यायवैद्यकाचा विभाग असतो. म्हणजे ओळखणारा विद्यार्थी, शवविच्छेदन करणारा डॉक्टर आणि गुन्हा नोंदवणारे ठाणे हे तिघे एका तासाच्या रस्त्यावर आले आहेत. या मुलखाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले आहे. यातून काय करायचे ते फार खर्चाचे नाही. मेलेल्या कोंबड्या आणि शेळ्या इथे रोज मिळतात. त्यांतल्या काही माळावर, काही फडात, काही कालव्याच्या काठी, बाराही महिने ठेवून कोणते किडे कोणत्या दिवशी आले आणि किती वाढले याची वही भरणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याचे काम आहे. त्या वहीला जोडून पंचनाम्याच्या छापील नमुन्यात तीन ओळी वाढवायच्या: अळ्या गोळा केल्या का, त्या कोणत्या भागावरून, आणि तेव्हा जमिनीजवळ तापमान किती होते. एवढे झाले नाही तर पुढच्या गळितात सापडलेल्या सांगाड्याविषयी आपण पुन्हा उत्तरेतले किंवा विलायतेतले आकडे वापरून अंदाज बांधू, आणि तो अंदाज चुकला तर त्याची किंमत एखादा निर्दोष माणूस तुरुंगात मोजेल.